गुडघा बदलायचा की नाही: पेशंटला ठरवायला मदत कशी करावी

प्रश्न थोडक्यात असा: तालुक्याच्या गावी दवाखाना असलेल्या एका फॅमिली डॉक्टरांकडे साठी-सत्तरीतले पेशंट एक्स-रेची पिशवी घेऊन येतात. शहरातल्या सर्जनने गुडघा बदलायला सांगितलेलं असतं, घरात दोन तट पडलेले असतात आणि पेशंट म्हणतो, "डॉक्टर, तुम्हीच सांगा, करू की नको?" अशा वेळी स्वतःचं मत न लादता, पण अंगही काढून न घेता, त्या माणसाला नीट ठरवायला मदत कशी करायची?

सगळ्यात आधी त्याच्या मनातली घाई काढा. झिजेच्या संधिवातासाठी गुडघा बदलणं हे ऑपरेशन तातडीचं नसतं. दोन आठवडे, दोन महिने, बहुतेकदा त्याहून जास्त वेळ विचार केला तरी काही बिघडत नाही. "या महिन्यात केलं नाही तर नंतर करताच येणार नाही" असं ऐकून आलेला पेशंट तुम्ही काहीही सांगितलं तरी ऐकण्याच्या मनःस्थितीत नसतो. म्हणून एका बैठकीत निकाल लावू नका. पहिल्या भेटीत तपासा, ऐका, माहिती द्या. एक-दोन आठवड्यांनी पुन्हा बोलवा आणि मग ठरवा.

दुसरं म्हणजे एक्स-रेने ऑपरेशन ठरत नाही. तो माणूस रोज काय करू शकत नाही आणि त्याला काय करायचं आहे, यावर ते ठरतं. एक्स-रे फक्त एवढंच सांगतो की गुडघा बदलून ते दुखणं जाण्याची शक्यता किती.

तरी एक्स-रे नीट बघायला हवा, कारण तिथेच बऱ्याच चुका होतात. झोपवून काढलेला एक्स-रे या कामाचा नाही. उभं राहून, दोन्ही पायांवर वजन देऊन काढलेला हवा. झोपलेल्या अवस्थेत सांध्यातली फट बरी दिसते आणि उभं केलं की आतली बाजू पूर्ण मिटलेली आढळते. झीज मोजायला केलग्रेन आणि लॉरेन्स यांची १९५७ सालची ० ते ४ ही प्रतवारी अजून वापरात आहे. प्रत ४ म्हणजे फट जवळजवळ संपलेली, हाडाला काटे आलेले, टोकं बेढब झालेली. पण प्रत ४ असून रोज शेतावर चालत जाणारे लोक आहेत, आणि प्रत २ वर रात्रभर कण्हणारेही आहेत. या दुसऱ्या गटात विशेष सावध राहा. झीज थोडी आणि दुखणं फार असेल, तर दुखण्याचं मूळ बऱ्याचदा दुसरीकडे असतं: कंबरेच्या मणक्यातून येणारी नस, खुबा, सगळ्या अंगाचं दुखणं, झोप न लागणं, नैराश्य. अशा गुडघ्यात उत्तम सांधा बसवला तरी दुखणं तसंच राहतं. ऑपरेशननंतर नाराज राहणाऱ्यांमध्ये हे लोक हमखास दिसतात.

म्हणून गुडघ्याला हात लावण्याआधी पेशंटला पाठीवर झोपवून खुबा आत-बाहेर फिरवून बघा. तसं करताना मांडीच्या सांध्यात किंवा थेट गुडघ्यात कळ आली, तर खुब्याचा एक्स-रे काढल्याशिवाय पुढे जाऊ नका. खुब्याचं दुखणं गुडघ्यात जाणवणं ही नेहमीची गोष्ट आहे. मग पायाच्या नाड्या बघा, पावलांवर जखम किंवा बोटांत चिखल्या आहेत का बघा, आणि गुडघा पूर्ण सरळ होतो का, किती वाकतो, हे मोजून लिहून ठेवा.

आता खरा प्रश्न विचारायचा: "गुडघ्यामुळे तुमचं काय अडलंय?" "दुखतं" एवढ्या उत्तरावर थांबू नका. न थांबता किती चालता येतं, घराच्या फाटकापर्यंत की बाजारापर्यंत? रात्री दुखण्याने जाग येते का, आठवड्यातून किती वेळा? जिना उतरताना कठडा धरावा लागतो का? दुखण्याच्या गोळ्या आठवड्याला किती लागतात? ऑक्सफर्डची बारा प्रश्नांची गुडघ्याची प्रश्नावली यासाठी चांगली आहे. गुण ० ते ४८, जितके जास्त तितका गुडघा बरा. आज भरून ठेवली की सहा महिन्यांनी तुलना करता येते, आणि "पूर्वीपेक्षा वाढलंय हो" या मोघम वाक्याला आधार मिळतो.

लगेच पुढचा प्रश्न: "गुडघा बरा झाला तर काय करायचंय?" महाराष्ट्रात या प्रश्नाची उत्तरं नेमकी असतात आणि निर्णय बऱ्याचदा त्यांच्यावरच फिरतो. कुणाला नातवाला शाळेत सोडायचं असतं, कुणाला बाजारातून पिशवी आणायची असते. ही कामं नव्या गुडघ्याने बहुतेकांना जमतात. कुणाला शेतात उकिडवं बसून खुरपायचं असतं, कुणाला मांडी घालून पूजेला, कुणाला वज्रासनात नमाजाला बसायचं असतं. इथे स्पष्ट बोला. ऑपरेशननंतर गुडघा साधारण ११० ते १२० अंश वाकतो. मांडी आणि उकिडवं बसण्याला १३० च्या आसपास किंवा जास्त लागतं, वज्रासनाला त्याहूनही जास्त. काहींना मांडी जमते, पण सांध्यावर ताण येतो म्हणून बहुतेक सर्जन ती टाळायलाच सांगतात. आधीच गुडघा ९० अंशच वाकत असेल, तर ऑपरेशननंतरही तो फार वाकेल अशी आशा देऊ नका. आधीचं वाकणं हेच नंतरच्या वाकण्याचा सर्वांत चांगला अंदाज देतं. खुरपणीवर पोट असलेल्या बाईला हे ऑपरेशनच्या आधी कळलं पाहिजे. पायी वारी करायची असेल, तर चालणं सरावाने जमू शकतं, पण आळंदी ते पंढरपूर हा अडीचशे किलोमीटरच्या आसपासचा प्रवास. मुक्कामात जमिनीवर झोपणं, तिथून उठणं आणि शौचाची सोय ही खरी अडचण असते. तेही बोलून घ्या.

त्यानंतर, ऑपरेशनशिवायचे उपाय खरोखर झालेत की नावापुरते, हे तपासा. "सगळं करून झालं" म्हणणाऱ्या पेशंटला खोदून विचारलं तर बऱ्याचदा कळतं की दहा दिवस शेक घेतला, दोन इंजेक्शनं घेतली आणि व्यायामाचा कागद कपाटात आहे. खरा प्रयत्न म्हणजे किमान सहा ते बारा आठवडे मांडीच्या पुढच्या स्नायूचा व्यायाम. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून तो खाली दाबायचा आणि ५ ते १० सेकंद धरायचा. पाय सरळ ठेवून वीतभर उचलायचा. हात न टेकता खुर्चीतून उठायचं, न जमल्यास खुर्चीवर उशी ठेवून उंची वाढवायची. प्रत्येक प्रकार दहा-दहा वेळा, दोन-तीन फेऱ्या, आठवड्यातून निदान तीन-चार दिवस. व्यायामाने थोडं दुखलं तर घाबरायचं नाही. दुसऱ्या दिवशीपर्यंत ते शमलं तर मात्रा बरोबर आहे, नाही शमलं तर कमी करायची. दहाव्या दिवशी व्यायाम सोडणाऱ्या बहुतेकांना ही शेवटची गोष्ट कुणी सांगितलेलीच नसते.

वजन हा नाजूक विषय आहे, पण टाळू नका. शरीराचं एक किलो वजन कमी झालं की चालताना गुडघ्यावरचा भार दर पावलाला साधारण चार किलोंनी कमी होतो. पाच किलो घटले तर वीस. पेशंटला "जाड आहात" म्हणण्यापेक्षा हा हिशेब सांगावा. काठी दुखऱ्या गुडघ्याच्या विरुद्ध हातात धरायची, हेही दाखवून द्या. बहुसंख्य लोक ती चुकीच्या हातात धरतात. औषधांत आधी लावायचं डायक्लोफेनॅक जेल. तोंडाने घ्यायच्या वेदनाशामक गोळ्या कमीत कमी दिवस, आणि रक्तदाब, किडनी व पोटाचा विचार करून. लेबल नसलेल्या, "जडीबुटीच्या" म्हणून मिळणाऱ्या पुड्यांबद्दल आवर्जून विचारा. त्यांत स्टेरॉइड मिसळलेलं आढळतं, आणि हे माहीत नसताना ऑपरेशन झालं तर जंतुसंसर्गाचा आणि भुलीचा धोका वाढतो.

इंजेक्शनांबद्दल स्पष्ट बोलायला हवं, कारण तिथे पैसा फार जातो. स्टेरॉइडचं इंजेक्शन सुजलेल्या गुडघ्याला काही आठवडे आराम देतं, त्यासाठी ते ठीक आहे. पण दर तीन महिन्यांनी दोन वर्षं देऊन पाहिलेल्या अमेरिकी अभ्यासात (२०१७) मिठाच्या पाण्याच्या इंजेक्शनपेक्षा दुखणं जास्त कमी झालं नाही, उलट कूर्चा, म्हणजे सांध्यात हाडाच्या टोकावर असणारं गुळगुळीत आवरण, अधिक झिजली. गुडघ्यात कुठलंही इंजेक्शन दिल्यावर तीन महिने तरी सांधाबदल करू नये. संसर्गाचा धोका वाढतो. म्हणजे ऑपरेशनची तारीख घेतलेल्या पेशंटला "तोवर आराम" म्हणून इंजेक्शन देणं त्याच्या मुळावर येऊ शकतं. "वंगणाची" इंजेक्शनं आणि पीआरपी (पेशंटच्याच रक्तातल्या प्लेटलेट्सचं इंजेक्शन) यांचा प्रचार मोठा आहे, फायदा मात्र थोडा आणि अनिश्चित. ऑस्ट्रेलियातल्या २०२१ च्या काटेकोर चाचणीत पीआरपी मिठाच्या पाण्याहून सरस ठरलं नाही. झिजलेला गुडघा दुर्बिणीने "साफ" करण्याचा उपयोग होत नाही, हे २००२ पासून पुन्हा पुन्हा दिसलं आहे.

मग ऑपरेशन आणि व्यायाम यांत चांगलं काय? याला सर्वांत सरळ उत्तर देणारी चाचणी डेन्मार्कमधली, २०१५ ची. गुडघाबदलाला पात्र ठरलेले शंभर पेशंट घेतले. सगळ्यांना बारा आठवडे व्यायाम, आहाराचा सल्ला, बुटातले सोल आणि औषधं दिली. अर्ध्यांचं आधी ऑपरेशनही केलं. वर्षाने ऑपरेशनवाल्यांची सुधारणा जवळजवळ दुप्पट होती. पण गंभीर त्रासही त्यांच्यातच कितीतरी जास्त झाला. आणि ऑपरेशन न केलेल्या गटातल्या साधारण चौघांपैकी तिघांनी त्या वर्षात ऑपरेशन करून घेतलंच नाही. पेशंटला हे दोन्ही सांगा: ऑपरेशन खरोखर जास्त देतं, आणि ते न करताही बऱ्याच जणांचं पुरेसं भागतं. यातलं एकच वाक्य सांगणारा, मग तो सर्जन असो की ऑपरेशनविरोधक, अर्धीच माहिती देतो.

ऑपरेशनमध्ये नेमकं काय करतात, हेही कागदावर चित्र काढून समजावा. पूर्ण गुडघा काढून नवा बसवतात असं बहुतेकांना वाटतं. प्रत्यक्षात मांडीच्या आणि नळीच्या हाडाच्या टोकाचा साधारण आठ-दहा मिलिमीटरचा थर काढून, दाताला कॅप बसवतात तसं, वर कोबाल्ट-क्रोमचं आवरण आणि खाली धातूची बैठक सिमेंटने बसवतात. मधे खास प्लास्टिकची गादी. वाटी तीच राहते, काही वेळा तिच्या आतल्या बाजूला प्लास्टिकची चकती लावतात. बहुतेकदा कंबरेखालची भूल पुरते, आणि वेळ तास-दीड तासाच्या आसपास.

धोके सांगताना "क्वचित", "कधीकधी" असे शब्द वापरू नका. प्रत्येकाचा "क्वचित" वेगळा असतो. शंभर माणसं डोळ्यांपुढे आणा आणि आकडे कागदावर लिहून द्या:

– शंभरातली सुमारे ऐंशी माणसं वर्षाने समाधानी असतात. उरलेल्या वीसेक जणांचं दुखणं बऱ्यापैकी राहतं किंवा अपेक्षा पुरी होत नाही.
– एक-दोघांच्या सांध्यात जंतुसंसर्ग होतो. तो खोलवर गेला तर पुन्हा ऑपरेशन, कधी सांधा काढून काही आठवड्यांनी नवा बसवणं, आणि महिनोन्‌महिने अँटिबायोटिक.
– काहींचा गुडघा आखडतो आणि भूल देऊन तो वाकवावा लागतो.
– पायात रक्ताची गुठळी होऊ शकते. ती फुप्फुसात जाऊन जिवावर बेतणं शंभरात एकापेक्षा कमी, पण शून्य नाही. नव्वद दिवसांतला मृत्यूही शंभरात एकाहून कमी. वय आणि हृदयविकार यांनी तो वाढतो.
– जखमेच्या बाहेरच्या अंगाला बधिर पट्टा जवळजवळ सगळ्यांनाच राहतो. नवा गुडघा टकटक वाजतो. गुडघ्यावर टेकणं पुष्कळांना नकोसं होतं.

शेवटची ओळ डॉक्टरांना किरकोळ वाटते. पण आधी सांगितली तर ती माहिती असते आणि नंतर कळली तर फसवणूक वाटते.

"किती वर्षं टिकेल?" याचं उत्तर वयाप्रमाणे द्यायला हवं. ऑस्ट्रेलिया आणि फिनलंडच्या राष्ट्रीय नोंदींवरून २०१९ मध्ये मांडलेला हिशेब असा की पूर्ण गुडघ्यांपैकी साधारण ८२ टक्के पंचवीस वर्षांनीही बदलावे लागलेले नव्हते. पण इंग्लंडमधल्या २०१७ च्या अभ्यासातला आकडा पेशंटसाठी अधिक कामाचा आहे: सत्तरीनंतर ऑपरेशन झालेल्यांपैकी आयुष्यात पुन्हा करावं लागण्याची शक्यता शंभरात पाचच्या आसपास, तर पन्नाशीच्या सुरुवातीला केलेल्या पुरुषांत ती पस्तीसपर्यंत जाते. दुसऱ्यांदाचं ऑपरेशन मोठं, खर्चिक आणि निकालाने कमी. म्हणून बावन्न वर्षांच्या माणसाला थांबण्याचा सल्ला आणि बहात्तर वर्षांच्या बाईला "आणखी थांबा" हा सल्ला यांचं वजन सारखं नसतं.

थांबण्याचीही किंमत असते, ती लपवू नये. गुडघा वाकडा होत जाऊन आतलं हाड झिजायला लागलं, चालताना गुडघा बाजूला झुकायला लागला, किंवा तो पंधरा-वीस अंश सरळच होईनासा झाला, की ऑपरेशन अवघड होतं आणि निकाल घटतो. वर्षानुवर्षं घरात बसून मांडीचे स्नायू गेले, साखर वाढली, गोळ्यांनी किडनी दमली, तर नव्या सांध्याला चालवणारं शरीरच उरत नाही. ऑपरेशनपूर्वी जो जितका चालता-फिरता, तो नंतरही तितका पुढे जातो. "भीती वाटते" एवढ्याच कारणाने खाटेला खिळत चाललेल्या पेशंटला धीर देऊन सर्जनकडे पाठवणं हेही तुमचं काम आहे.

आता बाजारातले प्रश्न. फक्त आतला कप्पा झिजलाय, आतला दोरीसारखा लिगामेंट शाबूत आहे आणि वाकडेपणा हाताने सरळ होतो, अशा पेशंटने अर्ध्या गुडघाबदलाबद्दल विचारावं. त्यात बरं होणं लवकर, गंभीर त्रास कमी, पण पुन्हा ऑपरेशन लागण्याची शक्यता पूर्ण गुडघ्यापेक्षा जास्त. साठीच्या आतल्या, कष्टाचं काम करणाऱ्या, पाय बाहेर वाकलेल्या पेशंटला नळीचं हाड कापून पाय सरळ करण्याचा पर्याय असतो. त्यात स्वतःचा सांधा राहतो. हे पर्याय काढलेच गेले नसतील तर दुसरं मत घ्यायला सांगा. रोबोटने हाडाचे काप अधिक अचूक बसतात हे खरं, पण पेशंटचं दुखणं आणि चालणं यांत ठोस फरक अजून सिद्ध झालेला नाही. त्यासाठी कर्ज काढू नये. "तीस वर्षांचा गुडघा", "सोनेरी गुडघा" या जाहिरातींमागे मुख्यतः आवरणाचे प्रयोगशाळेतले निकाल असतात. सर्जन आणि त्याची टीम वर्षाला असे किती गुडघे करते, हा प्रश्न धातूच्या रंगापेक्षा महत्त्वाचा.

दोन्ही गुडघे एकाच दिवशी करायचे का, हा आपल्याकडचा फार मोठा विषय. एकच भूल, एकच दवाखाना, खर्च कमी. परदेशातला मुलगा तीनच आठवडे येणार म्हणून "दोन्ही उरकून घ्या" असंही ठरतं. पण एकाच वेळी दोन्ही केल्यास रक्तस्राव, हृदयावरचा ताण आणि फुप्फुसातल्या गुठळीचा धोका वाढतो. पंचाहत्तरीच्या पुढे, हृदयविकार किंवा दम्यासारखा फुप्फुसाचा आजार असेल, वजन फार असेल, तर एकेक करणंच शहाणपणाचं. मुलाच्या रजेवर हे ठरू नये. त्या तीन आठवड्यांनंतरचे तीन महिने घरात कोण असेल, हे आधी विचारा.

फॅमिली डॉक्टर म्हणून धोका प्रत्यक्ष कमी करणं तुमच्या हातात आहे. तीन महिन्यांची सरासरी साखर (एचबीए१सी) ७.५ ते ८ टक्क्यांच्या खाली आणा. हिमोग्लोबिन कमी असेल तर कारण शोधून आधी भरून काढा. तंबाखू, विडी आणि मिश्रीसुद्धा निदान चार आठवडे आधी बंद. मिश्री घासणारी बाई स्वतःला तंबाखू खाणारी समजत नाही, म्हणून नाव घेऊन विचारा. किडलेले दात, लघवीचा त्रास, चिखल्या, पायावरच्या जखमा यांवर आधी उपचार. हृदयात स्टेंट असेल तर रक्त पातळ करणारी गोळी कधी थांबवायची हे हृदयरोगतज्ज्ञाने लेखी द्यावं. पेशंटने स्वतः थांबवू नये. हे सगळं झालं नसेल तर तारीख पुढे ढकला. याच कामासाठी ऑपरेशन ढकलल्याचा पश्चात्ताप सहसा होत नाही.

ऑपरेशननंतरचे दिवस खरे सांगा. त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी वॉकर धरून उभं करतात, त्यामुळे लोकांना वाटतं की सगळं सोपं आहे. प्रत्यक्षात पहिले दोन-तीन आठवडे दुखणं जोरदार असतं, रात्रीची झोप मोडते आणि "उगाच केलं" असं बऱ्याच जणांच्या मनात येतं. महिनाभराच्या आत गुडघा ९० अंश वाकवणं आणि पूर्ण सरळ करणं हे रोजचं काम असतं. त्यात कसूर झाली तर तो आखडतो. वॉकर तीन-चार आठवडे, मग काठी. गाडी चालवणं साधारण सहा आठवड्यांनी. गुडघा गरम लागणं, सूज येणं सहा महिनेही टिकतं, आणि पूर्ण फायदा कळायला वर्ष लागतं. घरात कमोड आहे का, नसेल तर कमोडची खुर्ची, न्हाणीघरात धरायला दांडा, उंच पलंग, सरकणारी पायपुसणी उचलणं: या गोष्टी ऑपरेशनच्या आधीच्या आहेत. आणि एक तुमच्यासाठी. घरी आल्यावर जखमेतून पाणी येत असेल, तर अँटिबायोटिकच्या गोळ्या सुरू करू नका, त्याच दिवशी सर्जनकडे पाठवा. गोळ्यांनी जंतू झाकला जातो, तपासणीत सापडत नाही आणि सांधा वाचवण्याचे मोलाचे दिवस निघून जातात.

पैशांचं बोलणं पेशंट लाजून टाळतो, म्हणून तुम्ही काढा. ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्राच्या औषध किंमत प्राधिकरणाने गुडघ्याच्या सांध्यांच्या किमतींना मर्यादा घातली. कोबाल्ट-क्रोमच्या नेहमीच्या सांध्याची मर्यादा तेव्हा ५४,७२० रुपये होती, खास धातूच्या सांध्याची ७६,६०० रुपये, कर वेगळा. त्यात पुढे बदल होत आले आहेत, म्हणून चालू दर तपासायचा. बिलात सांध्याची किंमत वेगळी लिहून मागायची आणि कंपनी, माप, बॅच नंबर असलेलं स्टिकर जपून ठेवायचं. पुढे दुसरं ऑपरेशन लागलं तर त्याची गरज पडते. पॅकेजमध्ये फिजिओथेरपी, जास्तीचे दिवस, रक्त आणि गुंतागुंत झाल्यास होणारा खर्च धरलाय का, हे लेखी घ्या. आरोग्य विम्यात सांधाबदलासाठी सहसा काही वर्षांचा प्रतीक्षा कालावधी असतो आणि रोबोटिक ऑपरेशनला मर्यादा असू शकते. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आपली केस कुठे बसते, हे योजनेतल्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राकडून आधीच विचारून घ्यावं.

निर्णय कुणाचा? कायद्याने तो पेशंटचाच. समीरा कोहली खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये स्पष्ट केलं की संमती घेताना उपचाराचं स्वरूप, हेतू, फायदे, पर्याय, मोठे धोके आणि उपचार न केल्यास काय होईल, हे सगळं पुरेसं सांगितलं पाहिजे. त्या प्रकरणात पेशंट भुलीखाली असताना आईची संमती घेतली होती आणि ती चालली नाही. सज्ञान, शुद्धीवर असलेल्या आईऐवजी मुलाची सही पुरत नाही. तरीही मुलगा, सून, लेक यांना बैठकीत घ्याच, कारण सेवा तेच करणार आहेत. फक्त पाच मिनिटं पेशंटशी एकट्याने बोला आणि विचारा, "घरच्यांचं बाजूला ठेवा, तुमच्या मनात काय आहे?" पुष्कळ आजी सगळ्यांपुढे "लेक म्हणेल तसं" म्हणतात आणि एकट्या असताना वेगळंच सांगतात. कुणाला मुलावर खर्चाचा बोजा नको असतो, कुणाला ऑपरेशन हवंच असतं पण मागायचा संकोच असतो.

भाषा जपा. "गुडघा पूर्ण खलास झालाय", "हाडावर हाड घासतंय", "पुढच्या वर्षी व्हीलचेअर" ही वाक्यं माहिती देत नाहीत, ढकलतात. त्याऐवजी: "आतल्या बाजूची कूर्चा संपलीये. चालल्याने गुडघा आणखी मोडणार नाही. दुखणं तुम्हाला किती अडवतंय त्यावर आपण ठरवू." आणि शेवटी "समजलं ना?" असं विचारू नका, त्याला सगळे हो म्हणतात. विचारा, "घरी गेल्यावर सूनबाईंना हे कसं सांगाल?" उत्तरात धोके आले नाहीत किंवा मांडी घालण्याची आशा डोकावली, तर तेवढा भाग पुन्हा सांगा. संमतिपत्र मराठीतलं, आठवडाभर आधी घरी न्यायला मिळावं. ऑपरेशनच्या आदल्या रात्री इंग्रजी कागदांवर घेतलेल्या सह्यांना संमती म्हणणं मला पटत नाही.

अशी नीट माहिती दिल्याने काय होतं, याचा एक दाखला अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यातला आहे. तिथल्या एका मोठ्या आरोग्यसंस्थेने पेशंटना निर्णयासाठीचे व्हिडिओ आणि पुस्तिका द्यायला सुरुवात केली, तेव्हा पुढच्या सहा महिन्यांत गुडघाबदलाचं प्रमाण आधीच्या तुलनेत ३८ टक्क्यांनी कमी होतं, असं २०१२ मध्ये प्रसिद्ध झालं. हा आकडा कुणी "ऑपरेशनं कमी करा" या अर्थाने वापरू नये. ज्यांना ऑपरेशन नको होतं त्यांना ते म्हणता आलं, एवढाच त्याचा अर्थ. आपल्याकडे गावोगावी असे लोकही आहेत ज्यांना ऑपरेशनने खूप फायदा झाला असता आणि त्यांच्यापर्यंत हा पर्याय कधी पोहोचलाच नाही.

पेशंट "आत्ता नको" म्हणाला तर फाइल बंद करू नका. व्यायाम आणि वजनाचं उद्दिष्ट ठरवा, तीन महिन्यांनी बोलवा, ऑक्सफर्डचे गुण पुन्हा मोजा, वर्षातून एकदा उभ्याचा एक्स-रे काढा. गोळ्या चालू असतील तर दर काही महिन्यांनी रक्तदाब आणि क्रिएटिनिन (किडनीसाठीची रक्ततपासणी) बघा. आणि कशामुळे पुन्हा विचार करायचा, हे त्याच्याच शब्दांत कार्डावर लिहून द्या: रात्री रोज जाग यायला लागली, देवळापर्यंतही जाता येईना, गुडघा बाजूला जायला लागला. गुडघा एकाएकी लाल होऊन सुजला आणि ताप आला, तर मात्र वाट न बघता त्याच दिवशी यायचं, हेही त्याच कार्डावर.